स्वस्त एसएमपीएस दुरुस्तीला घेण्याआधी

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा. आयर्न, मल्टिमीटर, सोल्डर पंप हे असणारच. तांब्याची विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी जाळीदार पट्टी) वेगळी घ्या, ग्राउंडच्या रुंद पट्ट्यावर नुसता पंप पुरत नाही.

झाकण काढलं की आधी मोठे दोन कपॅसिटर रिकामे करा. २३० व्होल्टच्या लाइनवर त्यांत मिळून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि भिंतीतली पिन काढल्यावरही ते टिकू शकतात. २.२ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या तारांनी प्रत्येकावर दहा सेकंद धरा, मग मोजा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून शॉर्ट करू नका.

आता स्टँडबायचा, म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट देणाऱ्या सर्किटचा, बारीक कपॅसिटर. छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळ, लाइनच्या बाजूला, बहुतेकदा १० ते ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. मागच्या वेळी आउटपुटचे सगळे बदलले, हाच राहिला आणि मदरबोर्ड गेला. इतक्या लहान कपॅसिटरच्या डोक्यावर फुटायच्या रेघा नसतात, त्यामुळे तो फुगत नाही. शेजारच्या तापणाऱ्या रेझिस्टरमुळे आतून सुकतो. जुन्या दोन ट्रान्झिस्टरच्या स्टँडबाय सर्किटमध्ये तो सुकला की फीडबॅक (व्होल्ट आवरणारा भाग) बिघडतो आणि जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट बेफाम वाढतात. दिसायला चांगला असला तरी बदला. १०५ अंशांचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, रेझिस्टरपासून जरा लांब वाकवून.

आउटपुटला लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचेच घ्या: १२ व्होल्टला १६ व्होल्टचे, ५ आणि ३.३ ला १० व्होल्टचे, २२०० किंवा ३३०० मायक्रोफॅरड. खरेदीआधी व्यास मोजा. १० मिलिमीटरच्या जागी १२.५ चा बसत नाही. निगेटिव्हची पट्टी उलटी लागली तर तो फुटतो. काढण्याआधी फोटो घ्या.

सुधारणा करायची तर लाइनच्या तोंडाशी, जिथे २३० व्होल्ट आत येतात तिथला फिल्टर पाहा. चोकच्या जागी जम्पर आणि कपॅसिटरांच्या जागी नुसती भोकं दिसतात. तिथे ०.२२ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (लाइनच्या दोन तारांमधला सेफ्टी कपॅसिटर), सोबत डिस्चार्जचा १ मेगा-ओहम, २.२ नॅनोफॅरडचे दोन वाय कपॅसिटर (लाइन आणि अर्थ यांमधले सेफ्टी कपॅसिटर) आणि कॉमन मोड चोक. वायच्या जागी साधा सिरॅमिक कधीही नाही, तो शॉर्ट झाला की डबाच लाइनवर येतो. अर्थिंगची तार घट्ट हवी. ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड २ अँपिअरचे असतील तर १एन५४०८. १२ व्होल्टवर साधे फास्ट डायोड असतील तर २० अँपिअर, १०० व्होल्टची शॉट्की (स्वतः कमी व्होल्ट खाणारा डायोड). कमी व्होल्टची उडते. हीटसिंकवर इन्सुलेटर, वॉशर, पेस्ट, मग कंटिन्युइटी तपासा. एवढं करूनही वॅट वाढत नाहीत. मुख्य ट्रान्सफॉर्मर तोच आहे.

बारीक कपॅसिटर बदललात का? नसेल तर झाकण लावू नका.

चाचणी: ६० वॅटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. मग बल्ब काढून, मदरबोर्ड न जोडता, जांभळी तार १० ओहम, ५ वॅटच्या भारावर मोजा: ४.७५ ते ५.२५. जास्त आली तर परत त्या बारीक कपॅसिटरकडे. हिरवी तार काळीला जोडा म्हणजे एसएमपीएस चालू होतो, १२ व्होल्टवर गाडीचा २१ वॅटचा बल्ब, ११.४ ते १२.६. फ्यूज मूळ रेटिंगचाच. पंखा, स्क्रू, झाकण.