दिवेलागणीला आईची घालमेल: आमच्याकडे काय लागू पडलं

आई ७८ वर्षांची, अल्झायमर. गावचं घर सोडून फोंड्याला फ्लॅटमध्ये आणल्यापासून रोज साडेसहाला "मला घरी जायचंय, ती बाई बघतेय" म्हणत दाराची कडी ओढायची. हात धरला की ओरडायची.

समजावून झालं, टीव्हीवर भजनं लावून झाली. डॉक्टरांनी लघवीची तपासणी करवली (जंतुसंसर्गानेही असं होतं), ती ठीक आली. झोपेची गोळी दिली तर दुसऱ्या दिवशी तोल जायला लागला. मी अगदी रडकुंडीला आले होते.

मग एका संध्याकाळी तिच्याच खुर्चीत बसले. बाहेर अंधारलं आणि समोरच्या सरकत्या काचेत मीच दिसले. ती बाई हीच! दाराजवळचं काळं पायपुसणंही तिथून खड्ड्यासारखं दिसत होतं. ते ओलांडताना ती का अडखळते ते तेव्हा कळलं.

आता क्रम असा. साडेपाचला, उजेड असतानाच, सगळे दिवे लावायचे, पावसाळ्यात चारलाच. मग जाड पडदे पूर्ण ओढायचे, कपाटाच्या आरशावर चादर. पायपुसणं कायमचं काढलं. टीव्ही बंद. संडासाचा दिवा चालू, दार उघडं. शेवटी चहा, आणि मांडीवर अबोलीची फुलं, दोरा. वळेसर (गजरा) धड होत नाही, पण हात गुंततात.

पाचव्या दिवसापासून कडी ओढणं थांबलं. "घरी जायचंय" अजून म्हणते. मी "चहा घेऊन जाऊ" म्हणते. वीज गेली की मात्र पुन्हा तेच, म्हणून इन्व्हर्टर घेतला.