पहिलं बाळ येणार आहे: कोल्हापुरातल्या दोघांनी नऊ महिन्यांची आखणी कशी करावी

चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात पहिला प्रश्न निघतो, कुणाला सांगायचं आणि कधी? आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, अशी रीत आहे. ती पाळायची तर जरूर पाळा. पण त्या तीन महिन्यांत करायची कामं मात्र थांबवू नका. माझ्या पाहण्यात असं येतं की पहिल्या बाळाच्या वेळी बरेच निर्णय जो समोर असेल तो घेऊन टाकतो. कधी सासूबाई, कधी माहेरची आई, कधी शेजारच्या काकू. नवरा फक्त गाडी चालवतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो, तरी ऐन वेळी धावपळ होते ती यामुळेच. म्हणून पुढचं सगळं दोघांसाठी लिहिलं आहे. प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून ठरवायची आणि गरज पडायच्या आधी ठरवायची.

पहिलं काम: एक वही आणि एक तारीख

शंभर पानी साधी वही आणा आणि ती स्वयंपाकघरात ठेवा, कपाटात नको. पहिल्या पानावर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. उदाहरणार्थ, पाळी १० नोव्हेंबरला आली असेल तर तारीख येते १७ ऑगस्ट. पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून डॉक्टर जी तारीख देतील ती धरा.

ही तारीख म्हणजे काही लग्नाचा मुहूर्त नव्हे. ३७ आठवडे भरल्यानंतर बाळ कधीही येऊ शकतं. म्हणजे वरच्या उदाहरणात २७ जुलैपासून तयारीत राहायचं. वहीत दोन्ही तारखा लाल शाईने लिहा. पुढे यांचा फार उपयोग होणार आहे.

त्याच पानावर दोघांचे रक्तगट लिहा. तिचा निगेटिव्ह आणि त्याचा पॉझिटिव्ह असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. अशा वेळी साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात.

दुसरं काम: नाव नोंदवणं

खासगी डॉक्टरांकडे जाणार असलात तरी बारा आठवड्यांच्या आत आपल्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नोंदणी करा. आशाताईंना निरोप दिला की त्या सगळं सांगतात. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. पुढे बाळाच्या लसी याच कार्डावर लिहिल्या जातात. धनुर्वात आणि घटसर्पाचं टीडी इंजेक्शनही तिथेच मोफत मिळतं, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आपल्या शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे. पैशाची अडचण असेल तर संकोच न करता तिथे जा.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पात्र आईला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. नियमित सरकारी नोकरी असलेल्यांना ही योजना लागू नाही. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं, म्हणून ते काम याच महिन्यात उरकून घ्या. लग्नानंतर आधारवर वेगळं नाव आणि बँकेत वेगळं नाव असेल तर पैसे अडकतात.

सगळे रिपोर्ट एकाच फायलीत, तारखेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. ही फाईल सांभाळणं नवऱ्याचं काम. पोटात बाळ तिने सांभाळायचं, कागद त्याने.

तिसरं काम: सकाळ आणि फोडणी

पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणींना मळमळतं, आणि आपल्या घरातल्या चटणीचा वास त्यात भर घालतो. कांदा-लसूण चटणी कढईत पडली की ठसका सगळ्या घरभर जातो. यावर उपाय एकच, फोडणी नवऱ्याने द्यायची. स्वयंपाक येत नसेल तर शिकायची हीच वेळ. आमटी, भात आणि एक पालेभाजी एवढं आलं तरी पुष्कळ आहे. त्या वेळी ती गॅलरीत किंवा अंगणात बसू दे. एप्रिल-मे महिन्यात वर्षाची चटणी करायची असेल तर मिरची भाजायला आणि डंकावर जायला तिला पाठवू नका. नणंद, जाऊ नाहीतर नवरा जाईल.

उशाशी चिरमुऱ्यांचा छोटा डबा ठेवा. उठायच्या आधी, पडल्यापडल्याच दोन घास कोरडे खाल्ले की मळमळ कमी होते. मग दहा मिनिटांनी उठायचं. दिवसभर थोडं थोडं खायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल किंवा लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल तर "असं होतंच" म्हणून घरी बसू नका, दवाखान्यात जा.

चौथं काम: ताटात काय

"आता दोघांचं खा" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण हिशोब तसा नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे ढोबळमानाने एक भाकरी आणि वाटीभर उसळ. प्रमाणापेक्षा घसघशीत ताटं वाढून तिला दमवू नका.

कोल्हापूरकरांना काही गोष्टी वेगळ्याने सांगाव्या लागतात. पहिली, दूध कट्टा. गंगावेशीत समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिण्याचं आपल्याला मोठं कौतुक. बायकोला ताकद यावी म्हणून नवरा कौतुकाने पेला हातात देतो. या नऊ महिन्यांत ते नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात आणि त्यातून गर्भालाही धोका असतो. तेच दूध घरी आणा, चांगलं उकळा आणि मग खुशाल द्या.

दुसरी, मटण. पूर्ण शिजलेलं मटण चांगलंच, त्यातून लोह आणि प्रथिनं मिळतात. तांबड्याने रात्री छातीत जळजळत असेल तर रविवारचं मटण दुपारी करा आणि तिच्या ताटात पांढरा वाढा. मात्र "रक्त वाढतं" म्हणून आठवड्याला काळीज खाऊ घालू नका. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपायकारक ठरतं. तिसरी, गूळ. आपला गूळ कितीही नामी असला तरी शेंगदाणे-गूळ म्हणजे लोहाची गोळी नव्हे.

गोळी ती गोळीच. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची, किमान १८० दिवस, आणि कॅल्शियमच्या दिवसाला दोन. नेमका डोस डॉक्टर सांगतील. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायच्या नाहीत, निदान दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी किंवा आवळा चालेल. कॅल्शियम नाश्त्याबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लोह रात्री, अशी घडी बसवली की विसर पडत नाही. लोहाने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसा डोस वाढवावा लागतो.

पाचवं काम: तपासण्या

इथे फार लिहीत नाही, डॉक्टर तारखा देतातच. तरी तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा. ११ ते १३ आठवड्यांतली सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांतली बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी, आणि २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होणारी साखरेची तपासणी. २८ आठवड्यांपर्यंत महिन्याला एकदा, मग ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला दाखवायचं. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही. तो १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातलं कुणी वडीलधारं विचारू लागलं तर तिथल्या तिथे "नाही" म्हणायचं काम नवऱ्याचं. ते तिच्यावर टाकू नका.

सहावं काम: माहेर की इथंच?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी चाल. तिला आईजवळ मोकळेपणाने झोपता येतं, रडता येतं, मागून खाता येतं. हे सुख लहान नाही आणि मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. पण हा निर्णय डोहाळजेवणाच्या पंगतीत होता कामा नये. पाचव्या महिन्यात दोन्ही आयांना एकत्र बसवा आणि आधी तिलाच विचारा, "तुला कुठं बरं वाटेल?" बाकीचं बोलणं त्यानंतर.

माहेरी जायचं ठरलं तर सातव्या महिन्याच्या आत दोघांनी मिळून तिथलं रुग्णालय पाहून या. रात्री सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणतात? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथे आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? नवऱ्याला आत थांबू देतात का? उत्तरं वहीत लिहा. तिथल्या डॉक्टरांनी तिला निदान दोनदा आधी तपासलेलं असावं.

आणि आता नदी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टची तारीख असलेल्या प्रत्येक जोडप्याने पंचगंगेचा विचार करायलाच हवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भावकीतली एक लेक पेठ वडगावला माहेरी होती आणि नवरा शहरात. बाळ सुखरूप झालं, पण बापाने त्याला पाहिलं ते रस्ता सुटल्यावर. तोवर तो रोज पुलापर्यंत जाऊन पाणी बघून परत यायचा.

म्हणून वहीतल्या त्या दोन लाल तारखा काढा. १७ ऑगस्टची तारीख असेल आणि माहेर शिरोळ, हातकणंगले किंवा चिखली-आंबेवाडीकडे असेल, तर दोनच रस्ते आहेत. एक तर जून संपायच्या आत फाईल, औषधं आणि कपडे घेऊन तिकडे जायचं आणि बाळंतपण होईतो तिथेच राहायचं. नाहीतर तिच्या आईला इकडे बोलवायचं. "पाऊस बघून ठरवू" हा पर्याय धरू नका. माहेरचं घर पुराच्या पट्ट्यातलं असेल तर आशाताईंना तारीख आधीच सांगून ठेवा आणि शक्यतो तिच्या आईलाच इकडे बोलवा. शहरात सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला राहत असाल तर त्या दोन लाल तारखांमधल्या दिवसांपुरतं उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाचं घर ठरवून ठेवा.

तारीख गणपतीत येत असेल तर विसर्जनाच्या दिवसाचा रस्ता ठरवा. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश हा सगळा भाग माणसांनी भरलेला असतो. शिवाजी पेठेतून राजारामपुरीला जायचं असेल तर कुठून वळायचं हे आधी फिरून बघा. तालमीच्या पोरांना सांगून ठेवलं तर मिरवणुकीतूनही वाट करून देतात, आपल्या पेठांचा हा मोठा आधार आहे.

डोहाळजेवण, रजा आणि संध्याकाळ

चोरचोळी असो की सातव्याची ओटी, सगळं हौसेने करा, फक्त तिला दोन तासांपेक्षा जास्त पाटावर बसवू नका. मागे टेकायला खुर्ची द्या. नोकरी असेल तर कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, त्यातली आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. अर्ज लेखी द्या. नवऱ्याने आपल्या कार्यालयात आताच विचारावं, खासगी ठिकाणी वडिलांच्या रजेचा कायदा नाही.

डॉक्टरांची हरकत नसेल तर संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धा तास दोघांनी चाला. घरात चार माणसांत जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं. भीती वाटते का, हे त्याने तिला विचारावं, आणि तिनेही त्याला.

शेवटचे आठवडे

२८व्या आठवड्यानंतर कुशीवर झोपायचं. रोज एका ठरावीक वेळी बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा जाणवायला हव्यात. कमी वाटल्या तर सकाळची वाट पाहू नका. तसंच रक्त जाणं, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, ताप, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा. ही यादी फ्रिजवर चिकटवा, म्हणजे घरात कुणीही असलं तरी वाचेल.

छत्तीसाव्या आठवड्यात बॅग भरा. तिचे पुढून उघडणारे गाऊन, पॅड, बाळाची झबली, टोपडी, लंगोट आणि दोन-तीन मऊ सुती दुपटी. नवीन कपडे एकदा धुऊन घ्या. आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ असेल तर तिच्यासारखं मऊ काही नाही, तीही धुऊन उन्हात वाळवा. घरातल्यांना आत्ताच सांगून ठेवा की बाळाला मध, साखरपाणी, घुटी काही चाटवायचं नाही, पहिल्या तासात आईचं चिकाचं दूधच द्यायचं. हे बाळंतपणाच्या खोलीत सांगायला गेलं तर भांडण होतं, आधी सांगितलं तर पटतं.

एकदा रात्री दोन वाजता घर ते रुग्णालय असं जाऊन या. किती मिनिटं लागली ते लिहा, रात्री कुठलं दार उघडं असतं ते बघा. गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्या मामांचा नंबर घ्या, शेवटच्या महिन्यात दुचाकीवर नेऊ नका. गरोदर बाईला न्यायला १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ ही रुग्णवाहिका मोफत मिळते. हे नंबर, रक्तगट आणि डॉक्टरांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. वहीही त्याच कप्प्यात ठेवा, बाळाच्या जन्माची वेळ आणि वजन लिहायला तिच्यातलं एक पान कोरं सोडा.