कोकण किनाऱ्यावरील नायट्रो ट्रक : कोणते भाग आधी बदलावेत

नायट्रो इंधनावर (मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर) चालणाऱ्या, रिमोटने चालवायच्या छोट्या मॉडेल ट्रकसाठी बाजारात मिळणाऱ्या वाढीव सुट्या भागांची यादी फार मोठी आहे. १९९९ मध्ये ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स आला, तेव्हापासून मूळ कंपन्यांखेरीज इतर अनेक उत्पादकांनी अशा ट्रकचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगळ्या धातूत आणि वेगळ्या रंगात काढला आहे. नवीन माणसाचे लक्ष साहजिकच इंजिनची ताकद वाढवणाऱ्या किंवा गाडीला चकाकी देणाऱ्या भागांकडे जाते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने मात्र हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. पुळणीवरील बारीक वाळू, चिरेखाणीतला तांबडा धुरळा, खारी हवा आणि पावसाळ्यात घरभर मुरणारा ओलावा यांच्यापुढे टिकवणारे भाग आधी घ्यावेत, गाडी बेभान होऊ नये म्हणून लागणारे भाग त्यानंतर घ्यावेत आणि वेग वाढवणारे भाग सर्वांत शेवटी घ्यावेत.

पहिला खर्च : एअर फिल्टर आणि इंजिनची बंदिस्ती

या छोट्या इंजिनांपैकी बहुतेकांत पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, पितळेची असून तिला आतून क्रोमचा मुलामा असतो, आणि स्लीव्ह वरच्या टोकाकडे किंचित निमुळती असल्यामुळे पिस्टन तिथे घट्ट बसतो. इंजिनचे सारे कॉम्प्रेशन या घट्टपणावर अवलंबून असते. कार्बोरेटरमधून चिमूटभर वाळू आत गेली तरी ती या दोन पृष्ठभागांमध्ये घासली जाते आणि घट्टपणा कायमचा कमी होतो. त्यानंतर नीडल (कार्बोरेटरमधला, आत फिरवल्यावर इंधन कमी करणारा स्क्रू) कितीही फिरवली, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे प्लग) कितीही बदलले, तरी पिस्टन आणि स्लीव्हची जोडी नवीन घातल्याशिवाय इंजिन पूर्ववत होत नाही, आणि त्या जोडीची किंमत चांगल्या फिल्टरच्या कितीतरी पट असते.

म्हणून गाडीबरोबर एकपदरी फोमचा फिल्टर आला असेल, तर तो काढून दुपदरी फिल्टर बसवावा. त्यात बाहेरचा फोम जाड छिद्रांचा आणि आतला बारीक छिद्रांचा असतो. दोन्ही फोमना फिल्टरसाठीचेच चिकट तेल लावावे लागते, कारण बारीक धूळ अडवण्याचे काम मुख्यतः ते तेल करते. फोम एका प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, त्यावर तेल ओतावे आणि सगळीकडे सारखा रंग दिसेपर्यंत तो पिशवीतच मळावा, मग जादा तेल पिळून काढावे. तेल गळत राहिले तर हवा अडते आणि इंजिन गुदमरते, तर कोरडा कोपरा राहिला तर धूळ नेमकी तिथूनच आत शिरते. फिल्टरची रबरी मान कार्बोरेटरवर पूर्ण खाली दाबून प्लास्टिकच्या टायने आवळावी. दिवसाचा खेळ संपल्यावर फिल्टर काढून त्या मानेच्या आतून पांढरे फडके फिरवावे, आणि फडक्यावर तांबूस कण दिसले तर फिल्टरची बैठक किंवा तेल यांत दोष आहे असे समजून तो दूर होईपर्यंत गाडी सुरू करू नये. मैदानावर फोम धुणे सोयीचे नसते, म्हणून तेल लावलेले दोन-तीन फिल्टर हवाबंद पिशव्यांत भरून सोबत नेणे उत्तम. वापरलेला फोम घरी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच त्याला पुन्हा तेल लावावे.

इंजिनला आणखी दोन वाटांनी नको असलेली हवा मिळते, त्या म्हणजे कार्बोरेटर इंजिनवर बसतो तो सांधा आणि इंजिनच्या मागचे झाकण, म्हणजे बॅकप्लेट. या दोन्ही ठिकाणी उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉन सीलंटचा अगदी पातळ थर द्यावा आणि तो रात्रभर सुकू द्यावा. या कामाला फारसा खर्च येत नाही. ज्या इंजिनचे आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा फिरण्याचा वेग, सतत बदलते आणि जे टाकी अर्धी झाल्यावर अचानक तापते, त्याचा आजार बहुधा अशाच एखाद्या सांध्यात असतो. याच बैठकीत टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या नळीत छोटा इंधन फिल्टर बसवावा आणि कडक झालेल्या सिलिकॉन नळ्या बदलून टाकाव्यात.

बेअरिंग आणि स्क्रू

समुद्राजवळ राहणाऱ्यांना घराच्या कड्या-कोयंड्यांचे काय होते हे सांगायला नको. चाकांच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगचेही तेच होते, पण ते झाकलेले असल्यामुळे उशिरा कळते. मूळ बेअरिंगला धातूची पातळ झाकणे असतील, तर चाकांच्या आणि डिफरन्शियलच्या (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) जागी रबरी झाकणांची बेअरिंग घ्यावीत. माप आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने मिलिमीटरमध्ये लिहितात. उदाहरणार्थ ५×११×४ या मापात भोक ५ मिमीचे असते. गाडीच्या पुस्तिकेतली मापे पाहून पूर्ण संच एकदम मागवणे सोपे पडते. स्टेनलेस स्टीलची बेअरिंग गंजाला अधिक काळ दाद देत नाहीत, पण खाऱ्या पाण्यात तीही अमर नसतात, त्यामुळे सफाईतून सुटका होत नाही. क्लच बेलमधील (इंजिनची ताकद गिअरकडे नेणाऱ्या क्लचच्या वाटीतील) बेअरिंगच्या बाबतीत मात्र मी वेगळा सल्ला देईन. तिथे उष्णता इतकी असते की रबरी झाकणे लवकर खराब होतात, म्हणून तिथे धातूच्या झाकणांचीच साधी बेअरिंग घालावीत आणि ती खर्चाची वस्तू समजून वेळोवेळी बदलावीत.

काळे मूळ स्क्रू एका पावसाळ्यात तांबडे होतात आणि पुढच्या वेळी ॲलन कीने त्यांचे डोके झिजते. स्टेनलेसचे स्क्रू घ्यायचे तर ३०४ आणि ३१६ हे दोन प्रकार समोर येतात, आणि किनाऱ्यासाठी ३१६ अधिक योग्य असतो. मच्छीमार नौकांचे सामान विकणाऱ्या दुकानांत ४ मिमीचे स्क्रू मिळाले तर ते तिथूनच घ्यावेत, कारण त्या दुकानदारांना खाऱ्या पाण्यात काय टिकते हे अनुभवाने ठाऊक असते. तरीही सगळेच स्क्रू बदलू नयेत. १२.९ श्रेणीच्या काळ्या पोलादी स्क्रूइतकी ताकद स्टेनलेसमध्ये नसते, म्हणून इंजिन माउंटवर आणि जिथे मोठा धक्का बसतो तिथे मूळ प्रकारचेच स्क्रू ठेवून त्यांना तेलाचा हात द्यावा. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये थेट बसवला आणि त्यात खारे पाणी गेले, तर दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि स्क्रू तिथेच जाम होतो. निळे थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावल्याने स्क्रू सैल होणे आणि ही झीज या दोन्हींना आळा बसतो. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र थ्रेडलॉक कधीही लावू नये, कारण काही प्लास्टिक त्याने तडकते.

ॲल्युमिनियमचा मोह

निळ्या-जांभळ्या रंगात ॲनोडाइझ केलेले सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे हात) फार देखणे दिसतात, परंतु मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. नायलॉनचा आर्म दगडावर आदळला की वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. ॲल्युमिनियमचा आर्म एकतर वाकलेलाच राहतो, नाहीतर तो सगळा धक्का पुढे बल्कहेड (आर्म ज्यावर बसतात तो भाग) आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्याकडे पोहोचवतो, आणि मग स्वस्त भागाऐवजी महाग भाग तुटतो. त्यातच ॲनोडाइझचा थर दगडाने खरवडला गेला की खारी हवा तिथे पांढरे चट्टे पाडते. आरपीएमसारख्या कंपन्यांचे जाड नायलॉनचे आर्म अनेक मॉडेलना मिळतात, ते घ्यावेत. नायलॉन हवेतला ओलावा शोषून अधिक चिवट होते, त्यामुळे कोकणची दमट हवा या एका भागाच्या बाबतीत आपल्या बाजूने असते. ॲल्युमिनियम घ्यायचेच असेल तर शॉकची नळकांडी आणि स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारे तरफेसारखे बेलक्रँक या ठिकाणी घ्यावे, कारण तिथे भाग न वाकणे खरोखर उपयोगी ठरते.

रेडिओ, सर्व्हो आणि थ्रॉटलची स्प्रिंग

चार-पाच किलो वजनाची गाडी भरधाव असताना नियंत्रण सुटले तर ती कोणाच्याही पायाचे हाड मोडू शकते, म्हणून हा भाग ऐच्छिक मानू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओत बहुधा फेलसेफची सोय असते. संदेश तुटल्यावर थ्रॉटल सर्व्हो (रिमोटच्या संदेशाने इंजिनचा वेग आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) ब्रेकच्या बाजूला जाईल अशी ती बसवावी, आणि गाडी स्टँडवर ठेवून, इंजिन बंद असताना, रिमोट बंद करून तपासावी. परंतु गाडीतली बॅटरीच संपली किंवा तिची वायर निसटली, तर सर्व्होला हलायला वीजच उरत नाही आणि फेलसेफ निरुपयोगी ठरतो. त्या प्रसंगासाठी कार्बोरेटरच्या दांड्याला आयडलच्या बाजूला ओढणारी छोटी स्प्रिंग लावावी. ती काही रुपयांची असते आणि माझ्या मते या संपूर्ण लेखात सांगितलेल्या वस्तूंपैकी सर्वांत मोलाची आहे.

चार पेन्सिल सेल कागदावर ६ व्होल्ट देतात, पण सर्व्होने जोर लावला की त्यांचे व्होल्टेज घसरते. त्यांच्याऐवजी पाच सेलचा निकेल-मेटल हायड्राइडचा पॅक बसवावा. धातूच्या गिअरचा, १० ते १५ किलोग्रॅम-सेंटिमीटर ताकदीचा सर्व्हो जड चाकांच्या ट्रकला पुरेसा असतो, पण तो वीजही जास्त ओढतो, म्हणून आधी बॅटरी आणि मग सर्व्हो हा क्रम पाळावा. रिसीव्हरच्या खोक्याच्या झाकणाला सिलिकॉन ग्रीसची बारीक रेघ द्यावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. रिसीव्हर फुग्यात बांधण्याची जुनी युक्ती दमट हवेत उलटते, कारण आत अडकलेल्या वाफेचे पाणी होते.

टायर आणि चालवण्याची जागा

पुळणीवर पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे टायर) सुंदर चालतात, पण ते क्लच आणि गिअरवर मोठा भार टाकतात, त्यामुळे ओल्या घट्ट वाळूवर ते वापरू नयेत. जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार, कानशीसारखा खरखरीत असतो आणि मऊ रबर तिथे फार लवकर झिजते. तिथे कठीण रबराचे, आखूड गुंड्यांचे टायर घ्यावेत. रिमवरची भोके बुजवून टायरच्या धावेवर समोरासमोर दोन बारीक भोके पाडली, तर आत गेलेले पाणी चाक फिरताना बाहेर फेकले जाते आणि फोम भिजून जड होत नाही.

जागा निवडतानाही जबाबदारी आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, म्हणून त्या काळात अशा पुळणींवर गाडी नेऊच नये. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. त्यांच्यावरून चाक जाता कामा नये, आणि अनोळखी सड्यावर आधी पायी फिरून पाहावे. फेब्रुवारीनंतर सड्यावरचे गवत वाळलेले असते आणि शेजारी आंबा-काजूच्या बागा असतात. तापलेला एक्झॉस्ट पाइप त्या गवतात पडला तर वणवा लागू शकतो, आणि मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. ड्राय पावडरचा छोटा अग्निशामक सोबत असलाच पाहिजे. मिथेनॉल विषारी असल्यामुळे इंधन भरताना हातमोजे घालावेत आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून डबा वापर होताच घट्ट बंद करावा.

ताकदीचे भाग शेवटी

वरची कामे झाल्यावरच ट्यून्ड पाइप (इंजिनची ताकद वाढवणारा खास आकाराचा एक्झॉस्ट) किंवा मोठे कूलिंग हेड (इंजिनच्या डोक्यावरची थंड करणारी पंखेदार टोपी) यांचा विचार करावा. मोठे हेड उष्णता वेगाने बाहेर टाकते, पण इंधन कमी पडत असल्यामुळे तापणारे इंजिन त्याने वाचत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड तापमापक घ्यावा आणि ग्लो प्लगजवळचे तापमान साधारण १०५ ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये राहील, तसेच पाइपमधून धुराची रेघ दिसत राहील अशी नीडल लावावी. फिल्टर, पाइप, हेड किंवा प्लग यांपैकी काहीही बदलले की ट्यूनिंग पुन्हा करावे लागते. मे महिन्यातल्या उष्ण, दमट हवेत प्राणवायू कमी मिळत असल्याने नीडल थोडी आत घ्यावी लागते, तर जानेवारीतल्या सकाळच्या गार, कोरड्या हवेत ती बाहेर काढावी लागते. हा फेर नेहमी अष्टमांश वळणाने करावा आणि प्रत्येक वेळी तापमान पाहावे.

पावसाळ्यासाठी गाडी ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करून इंजिन उरलेले इंधन संपेपर्यंत चालवावे, कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (वापरानंतर गंज टाळण्यासाठी टाकायच्या तेलाचे) काही थेंब टाकावेत आणि इंजिन हाताने फिरवावे. जळलेल्या इंधनाचे आम्लधर्मी अवशेष आत राहिले तर मागची बेअरिंग गंजते. पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवावा, म्हणजे स्लीव्हच्या निमुळत्या भागावर ताण राहत नाही. बॅटरी काढावी, फोम फिल्टर वेगळा करून कार्बोरेटरचे तोंड स्वच्छ फडक्याने बांधावे, आणि गाडी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलसह ठेवावी. नवरात्रात पाऊस ओसरल्यावर गाडी बाहेर काढताना नवा ग्लो प्लग, ताजे इंधन आणि नव्याने तेल लावलेला फिल्टर तयार ठेवावा, आणि इंजिन सुरू करण्याची दोरी ओढण्यापूर्वी प्लग काढून फ्लायव्हील (इंजिनच्या दांड्यावरचे जड चाक) हाताने काही वेळा फिरवावे, म्हणजे साचलेले तेल बाहेर पडेल आणि कनेक्टिंग रॉड वाकणार नाही.