निवृत्त रेल्वेवाल्याच्या निधनानंतर दोन ओळी लिहायच्या असतील तर

रेल्वेतला जुना सहकारी गेला की आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर त्याच्या फोटोखाली ठरलेली वाक्यं येऊन पडतात. ‘अखेरच्या प्रवासाला निघाले.’ ‘शेवटचं स्टेशन आलं.’ ‘वरून हिरवा सिग्नल मिळाला.’ सगळी नोकरी गार्डाच्या डब्यात काढूनही मला ही वाक्यं नकोशी होतात. ती कुणाच्याही फोटोखाली चालतात, आणि गेलेला माणूस त्यांत कुठेच नसतो.

लिहायला बसण्याआधी एक फोन करा, त्यांच्याबरोबर ड्यूटी केलेल्या कुणाला तरी. घरच्यांना ते ड्यूटीवरून दमून आलेले दिसायचे, ड्यूटीवर कसे होते ते दुसऱ्यांनीच पाहिलेलं असतं. अमेरिकेतला ड्रायव्हर केसी जोन्स ३० एप्रिल १९०० रोजी पहाटे मिसिसिपीतल्या वॉन इथे उभ्या मालगाडीवर आदळून गेला. इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनला त्याने उडी मारायला सांगितलं, स्वतः मात्र ब्रेक धरून राहिला. ही हकिकत सांगायला मागे उरला तो फायरमन, सिम वेब. रेल्वेच्या चौकशीत ठपका जोन्सवरच आला होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेबने सांगितलेलं.

फोनवर ‘कसे होते हो?’ असं विचारलंत तर ‘फार चांगला माणूस’ एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा रात्रपाळीत काय करायचे, नव्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवायचे, कशावर भडकायचे, हे विचारा. हुद्दाही नीट विचारून घ्या. रेल्वेत होते म्हटलं की लोक सरसकट ड्रायव्हर करून टाकतात. गँगमनने उन्हापावसात रूळ सांभाळलेले असतात, पॉइंट्समनने गाड्या योग्य लाइनीवर घातलेल्या असतात. त्यांच्या कामाला त्यांचंच नाव द्या.

आमच्यात चाकं ठोकून तपासणारे एकजण होते. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालत जायचे, दर चाकावर एक ठोका. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. ते गेल्यावर मी लिहिलं ते एवढंच: ‘प्लॅटफॉर्मवर कितीही गोंगाट असो, ते मान तिरकी करून चाक ऐकायचे. शंका आली की पुन्हा ठोका. तोवर गाडी हलायची नाही, कुणी कितीही आरडाओरडा करो.’ त्यांची मुलगी म्हणाली, ‘बाबा घरातला पंखासुद्धा असाच ऐकायचे.’ कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ वगैरे लिहायची वेळच आली नाही.

एका बाबतीत मात्र तोंड आवरा. गाडीखाली कुणी येणं पुष्कळ ड्रायव्हरांच्या वाट्याला येतं, आणि घरी ते सांगितलेलं असतंच असं नाही. तुम्हाला ठाऊक असलं तरी शोकसभेत तो विषय काढू नका. निधनाचं कारण आणि अंत्यसंस्काराची वेळसुद्धा घरच्यांनी सांगितल्याशिवाय ग्रुपवर टाकायची नाही. सभेत बोलायचं असेल तर एकच प्रसंग सांगा आणि बसा.

घरच्यांना पत्र किंवा मेसेज लिहिताना आधी आपली ओळख द्या, कुठे बरोबर होतो ते सांगा, मग तो प्रसंग. पत्नीसाठी एक ओळ वेगळी ठेवा. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपावा म्हणून पडदे ओढून, मुलांना दटावून घर गप्प ठेवलेलं असतं, त्याबद्दल कुणी आभार मानत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ याचा उपयोग नसतो. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘सोमवारी पेन्शनच्या कागदांसाठी मी बरोबर येतो’ असं लिहा आणि जा. निधन कळवणं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढणं, जोडीदाराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणं, ही कामं आपल्यासारख्यांना जमतात, घरच्यांना त्या दिवसांत सुधरत नाही.

जुना ग्रुप फोटो असेल तर तोही पाठवा, पण उभे कोण, बसलेले कोण, डावीकडून नावं लिहूनच. घरच्यांना त्यातला एकच चेहरा ओळखीचा असतो.