पगार खात्यावर येतो कसा : एमआयडीसीत नव्याने लागणाऱ्यांसाठी

जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात मी पगारपत्रक बघतो. यावल, चोपडा, धरणगाव, पारोळा या बाजूंनी सतत नवी पोरं-पोरी कामाला लागतात. मशीन त्यांना आठवड्याभरात समजतं, खात्याचे कागद मात्र महिनाभर जुळत नाहीत. आणि सात तारीख जवळ आली की खिडकीशी विचारणा सुरू होते, "भाऊ, पगार उना का?"

पैसा येतो कसा ते आधी बघा. महिना संपला की हजेरी बंद होते. भरलेले दिवस, ओव्हरटाइम, घेतलेली उचल, कपाती असं सगळं पगारपत्रकात उतरतं. त्यावर सही झाली की आम्ही बँकेच्या पोर्टलवर एक फाइल चढवतो. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड (म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड) आणि रक्कम, एवढंच तिच्यात असतं. तुमचं खातं कंपनीच्याच बँकेत असेल तर रक्कम लगेच दिसते. दुसऱ्या बँकेत असेल तर बहुधा एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या सेवेने, जाते. ही सेवा डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचने चालते. त्यामुळे "बँकेला सुट्टी होती" हे कारण कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. पगार बहुतेक वेळा अडतो तो फाइल मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर, नाहीतर तुम्ही दिलेल्या कागदात.

पहिल्याच दिवशी पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक द्या. चेकवर आडवं 'कॅन्सल्ड' लिहायचं, सही करायची नाही. खाते क्रमांक चिठ्ठीवर लिहून देऊ नका. पैसे क्रमांक बघून जातात आणि एक आकडा चुकला तर ते भलत्याच माणसाच्या खात्यात पडू शकतात. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे. पासबुक जुनं असेल तर त्यावरचा कोड अजून चालतो का, ते आधी शाखेत विचारा. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, तरी तिची पासबुकं घेऊन येणारे अजून भेटतात.

खातं स्वतःच्याच नावाचं हवं. "वडिलांचं खातं चालेल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही चालत. शिवाय वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक त्या खात्यावर होल्ड लावून बसते, म्हणजे पैसे काढू देत नाही, आणि पोराचा पगार कपाशीच्या कर्जात अडकतो. दुसरी अडचण पुरती केवायसी (ओळखीच्या कागदांची पडताळणी) न करता उघडलेल्या 'स्मॉल अकाउंट'ची. त्यात वर्षाला 1 लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते आणि महिन्याला 10 हजारच काढता येतात. दिवाळीपर्यंत सुरळीत चालतं आणि मग अचानक पगार परत जातो. शाखेत आधार-पॅन देऊन पूर्ण केवायसी केली की मर्यादा उठते.

बायामाणसांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पगार खाते क्रमांकावर येतो, पण लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या बँकेत जातात. कंपनीने नवं पगार खातं उघडून दिलं आणि तिथल्या फॉर्मवर तुम्ही आधार जोडणीला होकार दिला, की योजनेचा हप्ताही नव्या खात्यात पडायला लागतो. मग गावातल्या बँकेत पासबुक भरून घेणारी माणसं "पैसा बंद झाले" म्हणून घाबरतात.

जमा झाल्याचा मेसेज आला की तो पगार स्लिपशी ताडून बघा. स्लिप मागायला लाजू नका. पीएफ लागू असेल तर मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या 12 टक्के कापला जातो. ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, 0.75 टक्के 21 हजारांपर्यंतच्या पगारावर कापतात. व्यवसाय कर बहुतेकांना 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महिलांना 25 हजारांपर्यंत माफ. यापलीकडे काही कापलेलं दिसलं तर ते उचलीचं आहे का, एवढं विचारा.

ठेकेदाराकडून लागला असाल तर फाइल तो पाठवतो. काही ठेकेदार मजुरांची एटीएम कार्डं आणि पिन स्वतःकडे ठेवतात, कागदावर पूर्ण मजुरी जमा दाखवतात आणि मागाहून त्यातले पैसे काढून घेतात. मला विचाराल तर ही सरळ चोरी आहे. कार्ड कोणालाही देऊ नका. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. त्यामुळे कंपनीच्या ऑफिसात बोला आणि तिथेही दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

वेतन संहिता, म्हणजे पगाराबद्दलचा नवा कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर उरलेली मजुरी कामकाजाच्या दोन दिवसांत.

काम सोडताना त्या पगार खात्याचं काय करायचं तेही ठरवा. काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि काही बँका किमान शिल्लक मागायला लागतात.

आणि ऑफिस "टाकला" म्हणतंय पण खात्यात काहीच नाही, असं झालं तर भांडू नका, यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, मागा. रक्कम खरंच निघाली असेल तर तो असतोच. तो घेऊन आपल्या शाखेत जा. खात्यात जमा होऊ न शकलेली एनईएफटी रक्कम कंपनीच्या खात्यात परत येते, मग कागद दुरुस्त करून ती पुन्हा पाठवून घ्यायची.