जावास्क्रिप्टमध्ये १२०० अधिक ५० बरोबर १२००५० येतंय?

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी बिलाचं पान करत होतो. माल १२०० रुपये, हमाली ५०, आणि बेरीज १२००५०! "भाऊ, काऊन असं?" त्यांनी विचारलं, आणि खरं सांगतो, मला पाच मिनिटं लागली.

चौकटीत टाइप केलेला आकडा स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून हातात येतो. एक बाजू जरी स्ट्रिंग असली तरी अधिकचं चिन्ह बेरीज न करता दोन्ही तुकडे चिकटवतं. वजाबाकी, गुणाकार बरोबर येतात, म्हणूनच ही चूक दडून राहते.

१. चौकटीतली व्हॅल्यू घेताक्षणी ट्रिम करा, म्हणजे मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढा. रिकामी असेल तर तिथेच थांबवा, नाहीतर नंबर(), म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, तिचं गुपचूप शून्य करतं.
२. सगळे स्वल्पविराम काढा.
३. मग नंबर() लावा आणि 'नॅन' (NaN, म्हणजे 'हा आकडा नाही') आलं का ते नंबर.इजनॅन() ने तपासा. बेरीज त्यानंतरच.

इथे पार्सइंट(), म्हणजे मजकुरातून फक्त पूर्णांक काढणारं फंक्शन, वापरायचा मोह होतो. टाळा. स्वल्पविराम राहिला तर '१,२००' चं ते मुकाट्याने १ करतं, आणि साडेबारा रुपयांतले पन्नास पैसेही खातं. नंबर() निदान नॅन देऊन बोंब तरी मारतं.

एक सांभाळा: मोबाईलच्या मराठी कळफलकावरून देवनागरी अंक आले तर नंबर() नॅनच देतं. ते अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या.