बॅरिटोन व्हायचंय? आधी काळी एक धरा

ऑपेरात पुरुष आवाजांचे ढोबळ तीन मजले: वर टेनर, खाली बास, मधे बॅरिटोन. बॅरिटोनचा पल्ला हार्मोनियमवर बघायचा तर काळी एकचा सा धरून मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत. ख्याल गाणारे बरेचसे पुरुष एवढ्यातच फिरतात. त्यामुळे ‘माझा आवाज तिथवर पोचतो’ ही काही मोठी पात्रता नव्हे. तिथे पोचल्यावर मायक्रोफोनशिवाय, साठ-सत्तर वादकांच्या पलीकडे शेवटच्या रांगेत ऐकू जायचंय.

ते काम नुसत्या जोरानं होत नाही. वाद्यवृंदाचा आवाज ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत दाट असतो आणि त्याच्या वर विरळ होत जातो. तयार पुरुष आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार असते. स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा अरुंद आणि त्यापुढचा घसा मोकळा राहिला की ती येते. इटालियन शिक्षक तिला ‘स्क्वीलो’ म्हणतात. ओरडायला गेलं की घसा आवळतो आणि नेमकी ही धारच जाते.

खरी परीक्षा ‘पासाज्जो’ची, म्हणजे आवाज एका घडणीतून दुसरीत जातो त्या टप्प्याची. हलक्या, लिरिक बॅरिटोनचा हा टप्पा काळी एकच्या हिशेबानं मध्य सप्तकाच्या कोमल नीपासून तार कोमल गपर्यंत येतो. भारदस्त आवाजात साधारण अर्धा स्वर खाली. आपल्याकडे तार षड्जावर उघडा, भरघोस आकार लावायची सवय असते. तोच आकार इथे वर नेला की स्वरयंत्र चढतं, आवाज पसरट होतो आणि तार मध्यमावर हमखास चिरकतो. म्हणून तार षड्जाच्या आसपास ‘आ’ किंचित ‘ऑ’कडे वळवायचा, श्रोत्याला तो ‘आ’च ऐकू येतो. सराव साधा आहे: प म ग रे सा हा उतरता पाचाचा तुकडा ‘ऊ’वर म्हणायचा, दर वेळी अर्ध्या स्वरानं वर सरकायचं, मग तेच ‘ऊ’वर सुरू करून ‘आ’वर उतरायचं. हे वळण अंगात मुरायला दोन-तीन वर्षं सहज जातात. जो शिक्षक सहा महिन्यांत होईल म्हणतो, त्याच्याकडे दुसरा तासही लावू नये.

उलट टोकाची चूक खास बॅरिटोनांची. रेकॉर्डिंग ऐकून विशीतली मुलं खालपासूनच आवाज ‘जाड’ करतात. जीभ मागे ओढली जाते, स्वतःच्या कानाला भारी वाटतं आणि समोरच्याला घोगरं, थोडं उतरलेलं ऐकू येतं. आरशात बघा: ‘आ’ म्हणताना जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं हवं.

सुरुवातीला सलग तासभर गाऊ नका. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका पुरतात, आधी पाच मिनिटं ओठांची फुरफुर किंवा स्ट्रॉमधून सूर. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्लपित्तानं सकाळी आवाज जड होतो. याला पाठांतर किंवा मेहनत हा उपाय नाही.

उच्चारांत मराठी माणसाला आयती कमाई आहे. इटालियन त, द, प, क आपल्यासारखेच, हवा न सोडता. ‘कच्चा’, ‘पक्का’ म्हणणाऱ्याला त्यांची जोडाक्षरं शिकवावी लागत नाहीत. ‘ग्रात्सिए’मधला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च. अडतं ते उघड्या-मिटल्या ए आणि ओमध्ये, आणि जर्मन ‘ऊ-उमलाउट’मध्ये: ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची.

गाण्यांचा क्रम ठरलेला बरा. पहिली दोन वर्षं जुनी इटालियन गाणी, मग मोत्सार्ट: ‘मॅजिक फ्लूट’चा (१७९१) पापागेनो, ‘डॉन जोव्हानी’ची खिडकीखालची सेरेनेड. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधलं (१८१६) फिगारोचं प्रवेशगीत सगळ्यांनाच गायचं असतं; परीक्षक ते ऐकून कंटाळलेले असतात, शिवाय ते पुन्हा पुन्हा तार तीव्र मध्यमावर नेतं. व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ (१८५१) पस्तिशीआधी रंगमंचावर नको. त्यात एखादा उंच स्वर लागतो म्हणून नव्हे. आवाज तासन्‌तास त्या पासाज्जोच्या उंबरठ्यावरच उभा राहतो म्हणून.

पाया इथे घालता येतो: ‘एबीआरएसएम’ किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा, पणजीची कला अकादमी, मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), चेन्नईत केएम कॉन्झर्व्हेटरी. पियानो आणि स्वरलिपीवाचन टाळू नका, बाहेरच्या प्रवेशपरीक्षेत मुलं तिथेच गळतात. पुढे जर्मनीचा विचार करावा, कारण सरकारी पैशांवर चालणारी इतकी ऑपेरा थिएटरं दुसरीकडे नाहीत. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो फी पडते. इतर राज्यांत चौकशी करा. गायनाला वयाची अटही बहुधा असतेच, ती आधी वाचा.

ऑडिशनला पाच आरिया (ऑपेरातली एकट्यानं गायची गाणी), निदान तीन भाषांत. पहिली तुम्ही निवडता, दुसरी परीक्षक. पियानोवादक अनोळखी असतो, म्हणून प्रती स्वच्छ, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, गाळायचे भाग ठळक खुणावलेले. मधेच थांबवलं तर खचू नका, पुरेसं ऐकून झालेलं असू शकतं. तुमचा ‘फाख’ (आवाजाचा वर्ग: हलका लिरिक, मधला काव्हालियर, भारदस्त हेल्डन) आणि निवडलेल्या आरिया जुळत नसतील तर मात्र कागदावरच बाद होता.

एखाद्या थिएटरच्या कायम चमूत निवड झाली की सुरुवात छोट्या भूमिकांनी. ‘कार्मेन’मधला मोरालेस पडदा उघडल्याबरोबर गातो, जम बसवायला वेळच नसतो. अशा प्रयोगाच्या दिवशी आवाज मेकअपच्या खुर्चीत बसण्याआधी तापवून घ्यावा.